पणजोबांच्या पलीकडचे पूर्वज कुठे शोधायचे?

नगरकरांनो, आधी तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम गाठा. गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, त्यात गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत. बापाचं नाव, जात सगळं मिळतं. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा जाणकार सोबत न्या. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा अशाच दप्तरांवरची धूळ झटकली गेली.

माझ्या मते खरा खजिना तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्यांत! त्र्यंबकेश्वर, नाशिक; शेवगावकरांना तर पैठण जवळच. नुसतं आडनाव सांगून भागत नाही, मूळ गाव लागतं. गाव बदललेल्या घरांनी आत्याबाईंना, कुलदैवताच्या पुजाऱ्याला विचारून घ्यावं. वही सापडली की कोण आलं, अस्थी घेऊन की श्राद्धाला, सोबत कुठले भाऊ, कुणाची मुलं, हे ओळीनं कळतं. खाली सही नाहीतर अंगठा. निघताना आपलीही नोंद करा, मुलींच्या नावांसकट.

ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं पाहावीत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ पासूनचं आहे.

थेट राजघराण्याला नेऊन भिडवणाऱ्या छापील वंशावळींपासून मात्र जपून.

बाकी मूळ गावाची ओढ सुलतानांनाही सुटली नाही. नगरच्या निजामशाहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्या पाथरीसाठी बुऱ्हाण निजामशाह वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला!