गाणे आपले, नावही आपले

गाणे युट्यूबवर चढवले की झाले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. पण स्पॉटिफायचेच पाहा. २०२४ पासून तेथे, वर्षात १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. अशा अटींनी नवखा कलावंत धास्तावतो आणि प्रसिद्धीच्या आशेने एखाद्या कंपनीला सगळे हक्क लिहून देतो. येथेच थांबावे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनातील समान वाटा राखून ठेवला आहे. कंपनीला तो लिहून घेता येत नाही. परंतु गाण्याखाली नावच नसेल, तर तो मागायचा कशाच्या आधारे? तेव्हा मित्रहो, गाणे चढवताना शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे आधी लिहा. ओवी आजीकडून घेतली असेल, तर तिचेही नाव लिहा. श्रोते सावकाश येतील.