अंधेरीचा पंधरवडा

अंधेरी पूर्वेला चकाला ते सीप्झ या पट्ट्यात सॉफ्टवेअरवाल्यांची रोजची ‘स्टँड-अप’, म्हणजे उभ्याने घ्यायची बैठक, किती वाजता भरणार, हे ग्राहक कुठल्या देशात बसलाय त्यावर ठरतं. लंडनची बँक असेल तर जेवणं उरकल्यावर. न्यूयॉर्कची विमा कंपनी असेल तर संध्याकाळी, घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते त्या सुमारास. वेळ कुठलीही असो, बैठक पंधरा मिनिटांत आटपायची असा दंडक आहे. काल काय झालं, आज काय हातात घेणार, काम कुठे अडलंय, एवढंच बोलायचं. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी ही बैठक स्क्रीनवर गेली आणि उभं राहण्याचा प्रश्नच मिटला. बोरिवलीचा टेस्टर आणि मुलुंडची डेव्हलपर आपापल्या घरातून हजेरी लावतात.

या पंधरा मिनिटांत टीमची तब्येत कळते. बोलणारा कोणाशी बोलतोय ते पाहावं. ‘तुझं लॉगिनचं झालं की हाक मार, मी पेमेंट जोडून टाकतो,’ असं कोणी शेजाऱ्याला सांगत असेल तर ती टीम आहे. प्रत्येक जण पाळीपाळीने मॅनेजरला हिशेब देत असेल, तर ती जुनीच आठवड्याची रिपोर्टिंगची बैठक. आता रोज होते, एवढाच फरक.

ही बैठक ज्या ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीचा भाग आहे तिचं म्हणणं थोडक्यात असं: आठ-दहा जणांच्या गटाने काम कसं आणि किती करायचं ते आपसांत ठरवावं, दोन आठवड्यांच्या एका फेरीत, म्हणजे ‘स्प्रिंट’मध्ये, प्रत्यक्ष चालणारं काहीतरी बनवून दाखवावं, आणि फेरी संपताना आपली काम करण्याची रीतही तपासून पाहावी. काय हवं ते ग्राहकाच्या वतीने ‘प्रॉडक्ट ओनर’ सांगतो. कसं करायचं त्यात त्याने नाक खुपसायचं नाही. ऐकायला सोपं आहे. अंधेरीत ते अवघड का गेलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे सीप्झ, १९७३ साली सुरू झालं. नावात सांताक्रूझ, पत्ता अंधेरीचा. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवायच्या, हा मूळ हेतू. त्याच दशकात टाटांनी अमेरिकेच्या बरोझ कंपनीशी भागीदारी केली आणि टाटा बरोझ सीप्झमधून सॉफ्टवेअर निर्यात करू लागली. हीच कंपनी पुढे टाटा इन्फोटेक झाली आणि २००० नंतरच्या दशकात टीसीएसमध्ये विलीन झाली. या धंद्याची घडी पहिल्यापासून एका गृहीतकावर बसली होती: काय बनवायचं ते तिकडे लिहिलं जाणार, इकडे ते बनवलं जाणार. मधे सह्याशिक्क्यांचे जाडजूड दस्तऐवज. ग्राहकाचं मन बदललं की ‘चेंज रिक्वेस्ट’ आणि तिचं वेगळं बिल. दर तासाला, दर माणसाला.

त्यात भर पडली प्रमाणपत्रांची. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने कंपन्यांच्या कार्यपद्धतीची परिपक्वता मोजण्यासाठी पाच पातळ्यांचा ‘सीएमएम’ नावाचा आराखडा केला होता. २००० च्या आसपास पाचवी पातळी गाठलेल्या संस्थांमध्ये भारतीय कंपन्यांचा वाटा मोठा होता. आज त्या कागदी शिस्तीला हसायची फॅशन आहे. पण हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसांवर बँकेच्या हिशेबाचं काम सोपवायचं, तर ग्राहकाला भरवसा कशाच्या बळावर वाटणार होता? कागद तेवढ्यासाठी होते. फक्त त्या व्यवस्थेत प्रोग्रामरने विचारायचे प्रश्न फार कमी उरले.

आणि नेमक्या त्याच सुमाराला, फेब्रुवारी २००१ मध्ये, अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलंड ही त्यांतली काही नावं. त्यांनी चार मूल्यं आणि बारा तत्त्वांचा एक छोटा जाहीरनामा काढला. दस्तऐवजांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचा सहभाग मोलाचा, असा त्याचा रोख. कल्पना मात्र सगळ्या अमेरिकी नव्हत्या. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्येच ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांच्या टीम कशा काम करतात ते मांडलं होतं. वरून फक्त आव्हान द्यायचं, वाट टीमने शोधायची. श्वेबर आणि सदरलंड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘स्क्रम’ या अ‍ॅजाइल कार्यपद्धतीला नावापासून आधार मिळाला तो याच लेखाचा.

अशा टीमचं नियोजन पाहण्यासारखं असतं. ‘ग्राहकाला मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट मोबाइलवर दिसावं’ अशी एक मागणी, म्हणजे ‘स्टोरी’, समोर येते. किती दिवस लागतील, हे कोणी विचारत नाही. मागे केलेल्या कामाच्या मानाने हे केवढं, एवढंच ठरवायचं. प्रत्येकाकडे १, २, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांचे पत्ते; या आकड्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. सगळ्यांनी एकदम पत्ता उघडायचा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेला हा ‘प्लॅनिंग पोकर’. एकदम उघडण्यात खरी गंमत आहे. सीनियरचा आकडा आधी कळला तर परवा रुजू झालेली पोरगी तोच आकडा सांगणार, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पत्ते उघडतात, सीनियरचे ३, तिचे १३. मग तिला विचारायचं, का? ती म्हणते, जुनी स्टेटमेंट दुसऱ्या सर्व्हरवर आहेत, तिथली परवानगी मिळायलाच आठवडा जाईल. नियोजनातून मिळवायचं ते हे. आकडा नंतर विसरला तरी चालतो.

पण आकडा कोणी विसरत नाही. वरच्या मजल्यावर टीम ‘अ’ने ४० पॉइंट केले आणि टीम ‘ब’ने २५, असा तक्ता लागतो. पुढच्या फेरीत टीम ‘ब’ ३ च्या कामाला ५ म्हणू लागते. सगळे खूश, काम तेवढंच. पॉइंटची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली जाते त्या रॉन जेफ्रीज यांनीच पुढे लिहिलं, की ती कदाचित मी काढली असेन, आणि तसं असेल तर मला त्याचा खेद आहे.

अंदाज बांधण्यातच किती शक्ती जाते, याचं एक उदाहरण हैदराबादचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या तिथल्या टीमचा २००४ च्या सुमाराला अगदी वाईट लौकिक होता. कामं महिनोन्‌महिने पडून राहत. मायक्रोसॉफ्टमधल्याच डेव्हिड अँडरसन आणि ड्रागोस डुमिट्रिउ यांनी पाहिलं, तर टीमचा जवळपास तिसरा हिस्सा वेळ नव्या मागण्यांचे अंदाज देण्यात जात होता, आणि त्यांतल्या बऱ्याच मागण्या पुढे बारगळत होत्या. अंदाज बंद केले. एका वेळी हातात किती कामं घ्यायची यावर मर्यादा घातली. महिन्यांचं काम आठवड्यांवर आलं. सॉफ्टवेअरमधल्या ‘कानबान’ पद्धतीची सुरुवात म्हणून आज हे उदाहरण जगभर सांगतात.

प्रत्यक्ष बांधणीचा भाग बाहेरून सर्वांत कमी दिसतो आणि पद्धत खरी की नाटकी हे तिथेच ठरतं. दोन आठवड्यांत पूर्ण झालेलं काम दाखवायचं असेल तर प्रत्येक बदलानंतर जुनं काही मोडलं नाही ना, हे यंत्राने तपासायला हवं. कोड लिहिण्याआधी त्याची चाचणी लिहायची, दिवसातून अनेकदा सगळ्यांचा कोड एकत्र जोडायचा, दोघांनी मिळून एका कीबोर्डवर काम करायचं, या सवयी केंट बेक यांनी १९९० च्या दशकात क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात घडवल्या. त्या बाजूला ठेवून फक्त बैठका उचलल्या, तर पंधरवड्याच्या शेवटच्या गुरुवारी टेस्टरच्या माथ्यावर सगळं एकदम येऊन आदळतं. उपनगरांतल्या कितीतरी टीमचं अ‍ॅजाइल हे एवढंच असतं.

मुंबईत स्वतःचं काम स्वतः चालवणाऱ्या टीमचा विषय निघाला की डबेवाले येणारच. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था, मुकादमाच्या हाताखालचे वीस-पंचवीस जणांचे गट, आणि विलेपार्ल्यातलं घर ते नरिमन पॉइंटचा मजला एवढा पत्ता डब्याच्या झाकणावर मावणारी खूण. हार्वर्डच्या स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास-प्रकरण लिहिलं. गटात दोन-तीन जास्तीची माणसं ठेवलेली असतात, कोणी आजारी पडलं की ती धावतात. सॉफ्टवेअर कंपन्यांनी खरं तर हेच उचलायला हवं होतं. तिथे प्रत्येकाचा प्रत्येक तास बिलात लागलेला असतो. बाकी तुलना फार ताणू नये. डबा सकाळी जसा निघाला तसाच दुपारी पोचायचा असतो. सॉफ्टवेअर वाटेत बदलायचंच असतं.

भारतातल्या टीमचं बारकाईने केलेलं निरीक्षण हवं असेल तर राशिना होडा यांचं संशोधन वाचावं. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात त्यांनी पीएचडीसाठी न्यूझीलंड आणि भारतातल्या २३ संस्थांमधल्या ५८ जणांच्या अनुभवांचा अभ्यास केला. बॉस नाही म्हणजे भूमिका नाहीत असं नसतं, हे त्यातून दिसलं. कोणी नव्यांना पद्धत शिकवतो, कोणी ग्राहकाची भाषा तंत्रज्ञांना आणि तंत्रज्ञांची ग्राहकाला समजावतो, कोणी वरिष्ठांपाशी टीमची बाजू लढवतो. नेमणूकपत्रात यांतलं काहीच नसतं. ग्राहक वेळच देत नाही, ही तक्रार तर जागोजाग होती. त्यावरचा एक तोडगा झकास आहे: ग्राहकाला पत्ता लागू न देता आतल्या आत अ‍ॅजाइल चालवायचं. त्याला हवे ते दस्तऐवज वेळच्या वेळी मिळतात आणि टीम आपली पंधरवड्याने काम करत असते.

आता वारं उलटं आहे. ग्राहकच अ‍ॅजाइल मागतो. टीसीएसने २०२० पर्यंत सारी कंपनी अ‍ॅजाइल करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं आणि टीम एका खोलीत नसली तरी चालेल अशी मांडणीही केली. समोरासमोर बोलणं सर्वांत उत्तम, असं मूळ तत्त्व असलं, तरी या धंद्याला ते परवडणारं नव्हतं. चार लाखांहून अधिक माणसांच्या कंपनीत ‘स्वतः ठरवा’ हा आदेश वरून खाली यावा, यातला विनोद बाजूला ठेवू.

पंधरवड्याचा शेवट ‘रेट्रो’ने होतो. काय जमलं, काय फसलं, पुढच्या फेरीत कोणती एक गोष्ट बदलायची. माणसाला दोष न देता प्रसंगाकडे पाहायचं, हा नॉर्मन कर्थ यांनी २००१ च्या पुस्तकात घालून दिलेला नियम. तो पाळणं कठीण जातं ते मार्चमध्ये. एकत्र काम केलेल्या आठ जणांना मूल्यमापनात वरखाली लावायचं असतं. इन्फोसिससारख्या काही कंपन्यांनी ‘बेल कर्व्ह’चा हा सक्तीचा साचा गेल्या दशकात सोडला, तरी तुलना संपलेली नाही. शेजाऱ्याच्या अडलेल्या कामात घालवलेले दोन दिवस कोणाच्या खात्यावर मांडायचे, याला तक्त्यात रकाना नसतो.

होडा यांच्या यादीतली शेवटची भूमिका आहे ‘टर्मिनेटर’ची: टीमशी जुळवून न घेणाऱ्या माणसाला बाहेर काढण्यासाठी वरिष्ठांची मदत घेणारा. अंधेरीत तशी वेळ आली तर नोकरी लगेच जात नाही. माणूस ‘बेंच’वर जातो, पगार चालू राहतो, आणि रिसोर्स मॅनेजर त्याचा बायोडेटा घेऊन दुसऱ्या प्रोजेक्टकडे निघतो. त्या टीमला कोण हवंय, हे सहसा तिला विचारलं जात नाही.