नट किती आवळावा?

पाळीहून डिचोलीला मी पायलटच्या मोटारसायकलवर मागे बसतो, तेव्हा माझा जीव मागच्या स्प्रॉकेटच्या चारपाच बोल्टांवर असतो. बोल्ट म्हणजे ताठ स्प्रिंगच होय. आवळताना तो किंचित ताणतो व त्या ताणानेच स्प्रॉकेट धरून ठेवतो. कमी आवळला तर सुटतो, अती आवळला तर कायमचा लांबतो.

आवळण्याचे माप म्हणजे जोर गुणिले पान्याची लांबी. पाव मीटरच्या पान्यावर 200 न्यूटन जोर दिला की 50 न्यूटन-मीटर होतात. यातले सुमारे 90 टक्के घर्षणातच जातात. म्हणून आट्यांना तेल लावल्यास त्याच मापाने बोल्ट जास्त ताणतो.

तेव्हा आकडा त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा, तो कोरड्या आट्यांसाठी की तेलकट हे पाहावे आणि टॉर्क पान्यानेच आवळावे. मनगटाला घर्षण मोजता येत नाही.