बेलचे बटण आणि दाराबाहेरचा माणूस



आपल्या पालेगाव परिसरात आता इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि बहुतेक दारांवर बेल आहे. घर घेताना आपण फरशी पाहतो, नळ पाहतो. बेलचे बटण मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक दाराबाहेर बसवलेले हे बटण दूधवाला, पोस्टमन, शेजारचे लहान मूल अशी बाहेरचीच माणसे दाबतात, आणि पावसाळ्यात तर ओल्या हाताने.

आपल्याकडची साधी बेल थेट २३० व्होल्टवर चालते. बटणात फेजची तार आणली, तर आतील एक स्क्रू सदैव 'जिवंत' असतो. काही वेळा बटण न्यूट्रलवर जोडलेले असते. तेव्हा बेलमधून फिरून वीज बटणापर्यंत येतेच. म्हणजे जोडणी कशीही असो, धोका प्लॅस्टिकच्या झाकणामागे असतो. झाकणाला तडा गेला, भिंतीला ओल आली किंवा तार लोखंडी ग्रीलला घासली, की झटका बसू शकतो.

यावर जुना व सोपा उपाय म्हणजे बेलचा छोटा ट्रान्सफॉर्मर. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून दाखवले, की एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला की दुसऱ्यात वीज निर्माण होते. आपल्या घरातील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, म्हणून हे काम अखंड चालते. पहिल्या वेटोळ्याचे वेढे २३०० आणि दुसऱ्याचे ८० असतील, तर २३० व्होल्टचे साधारण ८ व्होल्ट होतात. रस्त्यावरची डीपी ११,००० व्होल्ट उतरवते, तेही याच तत्त्वाने. महत्त्वाचे म्हणजे दोन्ही वेटोळी तारेने जोडलेली नसतात. त्यांच्यामधला दुवा फक्त चुंबकत्वाचा असतो. त्यामुळे दाराबाहेर फक्त ८ व्होल्ट जातात आणि त्यांचा झटका जाणवत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर ट्रान्सफॉर्मर चोवीस तास जोडलेला राहतो. त्याला एक वॉट लागतो असे धरले, तरी वर्षाला पावणेनऊ युनिट होतात.

घेताना दुकानदाराला बेलसाठीचा, दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर मागावा. बेलही तितक्याच व्होल्टची हवी. २३० व्होल्टची बेल आठवर वाजणार नाही. ट्रान्सफॉर्मर घराच्या आत बसवावा आणि मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच जोडून घ्यावा. हे जमत नसेल, तर बॅटरीच्या बटणाची बिनतारी बेलही चालेल.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचा विषयही होता. वीज सर्वांपर्यंत स्वस्तात पोहोचावी, हा त्यांचा आग्रह होता. ती आज आपल्या दारापर्यंत पोहोचली आहे. त्या दारावर येणाऱ्या माणसाला ती इजा करणार नाही, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे. करुणा म्हणजे केवळ वंदनेतील शब्द नव्हे. दारावरच्या दोन तारांतही ती दिसली पाहिजे. विद्यार्थ्यांनी आज घरी जाऊन बेलच्या बटणाच्या झाकणाला तडा तर नाही ना, एवढे लांबूनच पाहावे आणि तडा दिसल्यास हात न लावता मोठ्यांना सांगावे.

जय भीम!