जिवंत आमिष

जिवंत आमिष : मोठा परभक्षी (इतर प्राण्यांवर उपजीविका करणारा) मासा पकडण्यासाठी गळाला टोचून किंवा गळाच्या आसपास पाण्यात सोडून वापरलेला जिवंत लहान मासा. गांडूळ, बेडूक व झिंगा हेही जिवंतपणी गळाला लावतात. परंतु प्रस्तुत नोंदीत फक्त आमिष म्हणून वापरल्या जाणाऱ्या लहान माशांचा विचार केला आहे. लहान मासा पकडणे सोपे असते. तो धडधाकट स्थितीत टिकविणे हे या प्रकारातील खरे कसब होय.

माशाच्या जातीनुसार खाद्य बदलावे, ही जाण या प्रदेशात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील मत्स्यविनोद या प्रकरणात गळ, दोरी व काठी यांबरोबर निरनिराळ्या माशांना द्यावयाच्या खाद्याचेही विवेचन आहे. कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते.

कोल्हापूरला समुद्र नाही, त्यामुळे बंदरावरच्या धक्क्याचे काम येथे नदीवरचे घाट व बंधारे करतात. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या प्रवाहांपासून बनलेल्या पंचगंगेवर आणि तिच्या उपनद्यांवर ‘कोल्हापूर पद्धतीचे’ म्हणून सर्वत्र ओळखले जाणारे बंधारे आहेत. त्यांच्या खांबांतील खाचांत फळ्या (बरगे) बसवून पाणी अडवितात व पावसाळ्याच्या तोंडी त्या काढून घेतात. बरगे बसविलेले असताना फटींतून झिरपणाऱ्या व वरून सांडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली लहान माशांचे थवे प्रवाहाकडे तोंड करून जमतात. पाणी तेथे खळाळते, त्यात हवा अधिक विरघळते आणि वाहून येणारे कीटक आयते मिळतात. त्यामुळे कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यासारख्या ठिकाणी आमिषाचे मासे शोधत हिंडावे लागत नाही.

या थव्यांत रुपेरी, चपट्या अंगाचे अळकूट व त्यांचे भाईबंद, अंगावर लांब काळा पट्टा असलेला दांडवण (रासबोरा डॅनिकोनियस) आणि पुंटियस गटातील लहान मासे मुख्यत्वे असतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा जातींना नावे देताना मराठी बोलीतील नावेच लॅटिन लेखनात घेतली. चेला बलूकी व चेला अलकूटी ही त्यांतलीच. यांपैकी पहिली जात आता साल्मोस्टोमा या प्रजातीत घालतात. खुद्री, कोलस, मुल्या ही जातिनामेही अशीच नदीकाठच्या लोकांच्या तोंडून शास्त्रात गेली आहेत. उत्तर भारतात अशा रुपेरी माशांना चिलवा म्हणतात.

लहान मासे पकडण्यासाठी बारीक गळ, हलका भेंडाचा तरंगा आणि मुगाएवढी कणकेची गोळी किंवा गांडुळाचा तुकडा पुरतो. थवा दाट असेल तर फेकजाळे (पाग) टाकतात. परंतु जाळ्यात घासले गेलेले मासे फार वेळ जगत नाहीत. अळकूट प्रकारच्या माशांचे खवले नुसत्या बोटांच्या स्पर्शानेही गळतात व त्वचेवरील बुळबुळीत थर जाऊन तेथे रोग शिरतो. म्हणून मासा ओल्या हाताने व शक्य तितका कमी धरतात. दांडवण व पुंटियस अधिक चिवट असतात. मुरी सर्वांत चिवट, कारण ती पृष्ठभागावरील हवा गिळून आतड्यावाटेही श्वसन करू शकते.

पकडलेला मासा मरतो तो बहुधा गुदमरून. २० से. तापमानास संपृक्त गोड्या पाण्यात दर लिटरमध्ये सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन असतो, तर ३० से. ला तो सुमारे ७.५ मिग्रॅ. पर्यंत घटतो, उलट तापमान वाढले की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यातील मासे थोड्याच वेळात तोंड वर काढू लागतात ते यामुळे. मातीच्या घागरीचे पाणी बाष्पीभवनाने थंड राहते म्हणून ती डब्यापेक्षा चांगली. पण तिचे तोंड रुंद असावे व मासे थोडे असावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना घातक असल्याने पाणी नदीचेच घेतात. अलीकडे विद्युत् घटावर चालणारे वातन पंपही मिळतात. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय बेटावर, दिसते. तेथील नावांत समुद्राचे पाणी खेळते ठेवलेली आमिषाची टाकी असते आणि तीतील बारीक मासे मूठमूठ समुद्रात उधळून कुपा (ट्यूना) माशांचा थवा नावेजवळ खिळवून ठेवतात व काठी-गळाने मासे वर ओढतात.

वाहत्या पाण्यात आमिषाच्या माशाला ओठातून गळ लावतात, म्हणजे तो प्रवाहाकडे तोंड करून पोहतो. संथ पाण्यात पृष्ठपक्षाच्या पुढे, कण्याला इजा न होईल इतका वरून तो टोचतात. मरळ, शिंगाळा, वाम व वालागो अट्टू हे या आमिषाला लागणारे प्रमुख मासे होत. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून असते, तर शिंगाळा रात्री तळाशी फिरतो.

मरळीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रजननकाळात नर-मादी आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करतात व जवळ आलेल्या कोणत्याही माशावर तुटून पडतात. त्या वेळी आमिषावर पडलेली झडप भुकेची नसून राखणीची असते. असा मासा काढून घेतला की शेकडो पिले निराधार होतात, म्हणून जाणते गळकरी पिलांच्या थव्याजवळ गळ टाकीत नाहीत.

नदीत सांडपाणी व कारखान्यांचे मळीयुक्त पाणी मिसळून ऑक्सिजन घटला, की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. पंचगंगेत असे प्रसंग वारंवार घडले आहेत. अशा वेळी मासे हातानेही सापडतात, पण त्यांचा आमिष म्हणून उपयोग नाही. ते अर्धमेले असतात आणि नदीतील उरलेसुरले बीजही त्यांच्याबरोबर जाते.

याहून दूरगामी धोका आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याचा आहे. डासनिर्मूलनासाठी १९२८ मध्ये आणलेला गँबुसिया व १९५२ मध्ये आणलेली तिलापिया (चिलापी) हे परदेशी मासे भारतात दूरवर पसरले आहेत. शहरातील तळ्यांतून भरलेल्या घागरीत त्यांची पिले सहज येतात, आणि संध्याकाळी उरलेली घागर भोगावतीच्या किंवा कासारीच्या वरच्या अंगाला उपडी केली, की ज्या स्थानिक जाती सह्याद्रीच्या नद्यांखेरीज इतरत्र नाहीत त्यांच्या खाद्यावर व अंड्यांवर घाला येतो. माशांबरोबर परजीवी व रोगजंतूही प्रवास करतात. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे. इंग्लंडमध्ये तो ज्या पाण्यातून पकडला त्याच पाण्यात वापरावा लागतो. बंधाऱ्यावरच मासे पकडून तेथेच गळ टाकण्याची पंचगंगेकाठची जुनी रीत या नियमाशी आपोआपच जुळते. मोटारसायकलीवरून डबा नेण्याची सोय झाल्यापासून मात्र ती मोडू लागली आहे.