मूळ आणि नक्कल : संगणकांतील एका धोक्याची ओळख

शेतजमीन विकत घेऊं इच्छिणाऱ्या मनुष्यास घरांतील वडीलधारी मंडळी पहिली सूचना देतात ती ही कीं, विकणारा दाखवील त्या जुन्या सातबाऱ्यावर विसंबूं नका. आजच्या तारखेचा उतारा काढून पाहा. तो जुना कागद खोटा असतो असें नव्हे. ज्या दिवशीं तो काढला त्या दिवशीं त्यांतील अक्षर न् अक्षर खरें होतें. परंतु मध्यंतरीं जमीन दुसऱ्यास विकली गेली, फेरफाराची नोंद मूळ दप्तरांत पडली, आणि पेटींतल्या कागदास मात्र त्याची वार्ताहि नाहीं. मूळ बदललें, नक्कल तशीच राहिली. या दोहोंमधल्या फटींतून फसवणूक आंत शिरते. ज्या संगणकावर आपण निकालपत्रें तयार करतों आणि बँकेचे व्यवहार करतों, त्याच्या पोटांतहि हीच अडचण क्षणोक्षणीं उभी असते. ती कशी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम संगणकास नकला कां काढाव्या लागतात तें पाहूं. संगणकाचा हिशेब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर, आणि माहिती ठेवण्याचें मोठें कोठार म्हणजे मुख्य स्मृति. आजचा प्रोसेसर एका सेकंदांत सुमारें तीन अब्ज ठोके घेतो. पण मुख्य स्मृतींतून एखादी गोष्ट मागविली तर ती येण्यास 60 ते 100 नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हा काळ आपणांस अतिसूक्ष्म वाटेल, परंतु तेवढ्यांत प्रोसेसरचे दोनतीनशें ठोके फुकट जातात. म्हणून वारंवार लागणाऱ्या माहितीची नक्कल प्रोसेसरच्या अगदीं जवळ, एका लहान पण चपळ भांडारांत ठेवतात. या भांडारास कॅश म्हणतात. तेथून चारपांच ठोक्यांत उत्तर मिळतें. ही कल्पना इंग्लंडांतील मॉरिस विल्क्स यांनीं 1965 सालीं एका निबंधांत मांडली, आणि 1968 सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या सिस्टिम 360 मालिकेंतील 85 क्रमांकाच्या यंत्राबरोबर ती बाजारांत आणली.

सोय झाली तशी जबाबदारीहि आली. आजच्या एका प्रोसेसरमध्यें गणित करणारीं अनेक अंगें असतात व प्रत्येकाची कॅश निराळी असते. एकानें आपल्या नकलेंत फेरफार केला तर इतरांनीं आपल्या नकला तत्काळ रद्द समजल्या पाहिजेत. यासाठीं नकलेच्या प्रत्येक ओळीस एक खूण जोडलेली असते : ही केवळ माझ्यापाशींच आहे व मीं ती बदलली आहे, केवळ माझ्यापाशीं आहे पण बदललेली नाहीं, इतरांपाशींहि आहे, किंवा ही आतां रद्द झाली. चार खुणांची ही पद्धति अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतून 1984 सालीं प्रसिद्ध झाली. इतकी खबरदारी घेऊनहि चूक घडते. 2007 सालीं ए. एम. डी. कंपनीच्या 'फेनॉम' प्रोसेसरमध्यें असा दोष आढळला कीं, एका विवक्षित प्रसंगीं एकाच नोंदीची जुनी नक्कल एका भांडारांत व नवी दुसऱ्यांत राहूं शके. तात्पुरता उपाय केला तर यंत्र मंदावे. शेवटीं 2008 सालीं सुधारलेली आवृत्ति काढावी लागली.

हा झाला केवळ दोष. पण अशी फट हेतुपुरस्सर शोधणारा मनुष्य भेटला तर काय होतें, याचीं दोन उदाहरणें देतों.

पहिलें उदाहरण समजण्यासाठीं एका शाळेची कल्पना करा. कोणत्या शिक्षकाजवळ कोणत्या खोलीची किल्ली असावी, हें मुख्याध्यापकांच्या वहींत लिहिलेलें आहे. पहारेकरी दरवेळीं कचेरींत जाऊन वही पाहत नाहीं. त्यानें आपल्या सोयीसाठीं एक चिठ्ठी लिहून खिशांत ठेवली आहे. एके दिवशीं वहींतील एक नांव खोडलें जातें व ती खोली दुसऱ्यास मिळते. पण पहारेकऱ्यास कोणी कळवीत नाहीं. मग जुना शिक्षक येऊन नव्याच्या खोलींत खुशाल शिरेल, आणि पहारेकरी त्यास सलाम करील!

संगणकांत हुबेहूब अशी वही व अशी चिठ्ठी असते. स्मृतीचीं बहुधा 4096 बाइटांचीं पानें पाडलेलीं असतात. कोणतें पान कोणत्या आज्ञावलीचें, व तिनें तें केवळ वाचावें कीं त्यांत लिहावेंहि, हें एका तक्त्यांत नोंदलेलें असतें. हा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राची मुख्य कारभारीण, सांभाळते. आणि त्यांतील अलीकडे लागलेल्या नोंदींची नक्कल प्रोसेसर टी. एल. बी. नांवाच्या लहान भांडारांत ठेवतो. तक्ता बदलला तरी ही नक्कल आपोआप बदलत नाहीं. ती पुसण्याची आज्ञा कारभारणीनें द्यावी लागते. 2018 सालीं गूगलमधील संशोधक यान हॉर्न यांनीं दाखवून दिलें कीं, लिनक्समध्यें स्मृतीचा भाग एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवितांना तक्त्याचें कुलूप आधीं उघडलें जाई व जुनी नक्कल नंतर पुसली जाई. त्या निमिषार्धांत तें पान मोकळें होऊन दुसऱ्या कामास दिलें जाऊं शके, आणि जुन्या धन्याचा हात त्यावर तसाच राही. उपाय साधा होता : आधीं नक्कल पुसावी, मग कुलूप उघडावें. चूक केवळ क्रमाची होती. परंतु तिच्यामुळें एकाचें गुपित दुसऱ्याच्या हातीं पडण्याचा मार्ग मोकळा होता.

दुसरें उदाहरण याहून विलक्षण आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्यें यंत्राची वीज, उष्णता इत्यादींची व्यवस्था पाहण्यासाठीं एक विशेष अवस्था असते. तिचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमहूनहि मोठा. तिच्या आज्ञा मुख्य स्मृतीच्या एका राखीव भागांत असतात, आणि त्याच्या दारावर कडक पहारा असतो. त्या अवस्थेबाहेरील कोणासहि तेथें लिहितां येत नाहीं. 2009 सालच्या मार्च महिन्यांत पोलंडमधील राफाल वोज्तचुक व योआना रुटकोव्स्का यांनीं, आणि स्वतंत्रपणें फ्रान्समधील लोईक ड्युफ्लो यांनीं, हा पहारा कसा चुकवितां येतो तें दाखविलें. त्यांनीं मूळ कोठाराच्या दारास हातच लावला नाहीं. ज्यास यंत्रावर आधींच वरचा अधिकार मिळाला आहे, तो त्या राखीव भागासंबंधीं 'येथील लिखाण सध्यां कॅशमध्येंच राहूं द्यावें' अशी नोंद करूं शकत असे. मग त्यानें लिहिलेल्या आज्ञा नकलेंतच राहिल्या. दारावरील पहारेकऱ्यास कांहीं कळलें नाहीं. पुढें विशेष अवस्था सुरू होतांच प्रोसेसरनें नेहमींच्या संवयीप्रमाणें आधीं जवळची नक्कल पाहिली, आणि परक्याच्या आज्ञा सर्वोच्च अधिकारानें पार पाडल्या! यावर इंटेलनें त्या राखीव भागाची कॅशविषयक नोंद त्या विशेष अवस्थेबाहेरून बदलतांच येऊं नये अशी योजना केली.

या दोन्ही उदाहरणांचें तात्पर्य एकच. मूळ वस्तूस कितीहि भक्कम कुलूप लावलें, तरी व्यवहार जर नकलेवर चालत असेल तर खरें राखावयाचें ठिकाण नक्कल हेंच होय. अधिकार काढून घेतला असें वहींत लिहिल्यानें तो निघत नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं त्याची नक्कल आहे तेथें तेथें ती रद्द झाल्यावरच तो निघतो, आणि तोंवर ती वस्तु दुसऱ्याच्या स्वाधीन करूं नये. प्रत्येकास कळविण्यांत वेळ जातो हें खरें. हा वेळ वांचविण्याच्या मोहांतूनच पुष्कळशा चुका जन्मास येतात.

पालकांनीं यांतून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वर सांगितलेल्यासारखे दोष सांपडले म्हणजे त्यांची दुरुस्ती 'अपडेट' या नांवानें आपल्या घरच्या यंत्राकडे येते, आणि आपण ती 'उद्यां पाहूं' म्हणून दूर सारतों. दुरुस्ती कारखान्यांत झाली, पण आपल्या घरीं पोंचली नाहीं, तर आपलें यंत्र म्हणजेच एक न बदललेली जुनी नक्कल नव्हे काय? विद्यार्थिमित्रहो, घरीं अशी सूचना पडद्यावर दिसली तर ती खरोखर यंत्राच्या किंवा प्रणालीच्या कर्त्याकडूनच आली आहे ना, हें पाहून वडिलांस त्याच दिवशीं सांगा. जुना सातबारा पेटींत ठेवण्यास कोणाची हरकत नाहीं. व्यवहार मात्र आजच्या उताऱ्यावर करावा.