दृश्यकलावंतांचे ऑनलाइन माहितीकोश आणि बहुभाषिक अध्यापक

चित्रकार व शिल्पकारांची माहिती आज ग्रंथालये आणि संग्रहालये ऑनलाइन माहितीकोशांतून घेतात. कोशातील नोंद चुकीची असेल, तर ती चूक पुढे अनेक याद्यांत उतरते. नोंदच नसेल, तर तो कलावंत अभ्यासकाच्या दृष्टीस पडत नाही.

अमेरिकेतील गेटी संस्थेच्या ‘युनियन लिस्ट ऑफ आर्टिस्ट नेम्स’ या कोशात प्रत्येक कलावंताला स्वतंत्र क्रमांक असतो. त्याखाली नावाची विविध रूपे, जन्म-मृत्यू व आधार नोंदवले जातात. क्रमांक लागतो, कारण नाव लिपीनुसार बदलते. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) मराठीत ‘हुसेन’, तर उर्दूत ‘हुसैन’ होतात. चित्रकार गुलाममोहम्मद शेख (जन्म १९३७, सुरेंद्रनगर) हे गुजराती कवीही आहेत. त्यांचा ‘अथवा’ हा काव्यसंग्रह १९७४ साली प्रसिद्ध झाला. हा कवी आणि हा चित्रकार एकच, हे कोणी जोडून दिले नाही, तर एका व्यक्तीच्या दोन नोंदी होतात.

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आणि उर्दू भाषिक शेजारी राहतात. बाजारात गुजराती चालते. येथील अध्यापकास तिन्ही भाषांतील मजकूर ताडून पाहता येतो. हे काम यंत्राच्या लिप्यंतराने पूर्ण होत नाही.

गेटीच्या कोशात भर मुख्यतः संस्थांमार्फत पडते. २०१२ साली सुरू झालेल्या ‘विकिडेटा’त मात्र कोणालाही नोंद करता येते. दोन्हीकडे पुढील पथ्ये उपयोगी पडतात :

१. नवी नोंद करण्यापूर्वी नावाची सर्व रूपे शोधावीत. नोंद आढळल्यास तिच्यातच मराठी, उर्दू, गुजराती रूपांची भर घालावी.

२. प्रत्येक विधानास लेखक, ग्रंथ वा नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठ यांचा आधार द्यावा. ऐकीव माहिती आधार ठरत नाही.

३. जन्मवर्षाबाबत मतभेद असल्यास दोन्ही वर्षे आधारांसह नोंदवावीत.

४. हयात कलावंताचा पत्ता, दूरध्वनी वा खासगी तपशील देऊ नये.

हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट अर्काइव्ह’ने भारतीय कलालेखनाची सूची करताना इंग्रजीबरोबर मराठी, उर्दू आणि गुजराती लेखनही विचारात घेतले. म्हणजे या भाषांतील मजकूर संशोधनाचे साधन म्हणून मान्य आहे. तो शोधून पुढे ठेवणारे हात हवेत.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जुने दिवाळी अंक व उर्दू रिसाले येथून आरंभ करता येईल. मुखपृष्ठावरील सही आणि आतील श्रेयनामावली पडताळून झालेली एक अचूक नोंदही विस्मरणात गेलेल्या चित्रकारास अभ्यासकापर्यंत पोहोचवू शकते.